धम्मानंद वाइंडिंग वर्क्स

दीक्षा आमच्या केंद्रात आली होती ब्यूटी पार्लरचा कोर्स करायला. मोटर वाइंडिंगकडे तिला मी ढकललं, आणि त्यात तिचं भलं व्हावं असा माझा काहीएक हेतू नव्हता. पार्लरची बॅच भरली होती. वाइंडिंगच्या बॅचला तीसपैकी अकरा नावं कमी पडत होती, आणि नावं कमी पडली की बॅच सुरू होत नाही, आणि बॅच सुरू झाली नाही की वरून फोन येतो. म्हणून मी तिला खुर्चीत बसवून सांगितलं की पार्लरं आता गल्लोगल्ली झालीत, पण नागपुरात कूलरशिवाय घर नाही आणि उन्हाळ्यात कूलरची मोटर जळत नाही असंही घर नाही. हे भाषण मी दर बॅचला करत असे. खरं असल्यामुळे ते तोंडपाठ करायला सोपं गेलं होतं.

मी प्रमोदिनी, महिलांना धंदेशिक्षण देणाऱ्या एका केंद्राची समन्वयक. जरीपटक्यात एका साड्यांच्या दुकानाच्या वर आमचे तीन हॉल आहेत: एकात शिलाई मशिनी, एकात पार्लरच्या खुर्च्या आणि एकात मोटरी. माझे वडील एजी ऑफिसात कारकून होते, सासरे शाळेत हेडक्लार्क होते. कागद म्हणजे काय हे मला जन्मापासून ठाऊक आहे. जे कागदावर असतं तेच खरं असतं असं आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण वागत सगळे तसेच होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात आहे, आणि दुसऱ्या कुणावर ढकलून मला मोकळं व्हायचं नाही.

दीक्षा तेव्हा एकतीस वर्षांची होती. दहावी झालेली, उंच, सावळी, बोलायला मोकळी. केंद्रापासून पायी दहा मिनिटांवर तिच्या दोन खोल्या होत्या. नवरा धम्मानंद एका मोठ्या दुकानात सिक्युरिटी गार्ड होता. ठेकेदार बदलला आणि त्याचं काम गेलं. तो दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, वरच्या आवाजात बोलतही नव्हता. खरं सांगायचं तर तो वाईट असता तर मला ही हकिगत लिहायला पुष्कळ सोपी गेली असती.

वाइंडिंग शिकवायला आमच्याकडे बाबाराव होते. गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानांच्या मागे एका बोळीत त्यांनी चाळीस वर्षं मोटरी भरल्या होत्या. जळालेली तार छिन्नीनं कापून काढायची, तिचे फेरे मोजायचे, तितक्याच फेऱ्यांची नवी तार फर्म्यावर गुंडाळून मोटरीच्या खाचांत बसवायची, याला धंद्यात मोटर भरणं म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. फेरे मोजताना दहा-वीस इकडेतिकडे झाले की मोटर महिनाभरात पुन्हा जळते, आणि जोडणीत चूक झाली तर पंखा उलटा फिरून घरातली हवा बाहेर फेकतो. बाबारावांनी आयुष्यात बाईमाणसाला हे शिकवलं नव्हतं आणि पहिले पंधरा दिवस ते फार नाखूश होते. पोरी कानातले घालून येतात, तार ओढताना तोडतात, कापतात कमी नि हसतात जास्त, अशी त्यांची तक्रार माझ्याकडे रोज यायची.

सोळाव्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले ते तक्रार न करता. दीक्षा शेजारणीशी तिच्या सासूबद्दल गप्पा मारत मारत एका जळक्या मोटरीचे फेरे मोजत होती. बाबारावांना वाटलं, ही चुकणार. त्यांनी स्वतः पुन्हा मोजले. एकही फेरा इकडेतिकडे नव्हता. त्यांनी तिला मुद्दाम बोलण्यात गुंतवून दुसरी मोटर दिली, तिसरी दिली.

"हिचे बोटं मोजतेत जी मॅडम," ते म्हणाले. "डोकं गोष्टी करते, अन् बोटं मोजतेत. असा हात मी बापजन्मात नाही पाह्यला."

त्या बॅचच्या शेवटी त्यांनी तिला आपली वही उतरवून घ्यायला दिली. कुठल्या मोटरीला किती फेरे, किती जाड तार, हे प्रत्येक कारागीर आपल्या वहीत लिहून ठेवतो आणि ती वही पोटच्या पोरालासुद्धा दाखवत नाही. दीक्षानं ती चार दिवस केंद्रात बसून उतरवली. परीक्षा झाली, दीक्षा पहिली आली, पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्र दिलं, टाळ्या वाजल्या. मीच सूत्रसंचालन केलं. माझ्या तोंडी त्या दिवशी 'आत्मनिर्भर' हा शब्द निदान सहा वेळा आला असेल.

मग आली नोकरीची पाळी. आमच्या सरकारी योजनांचा नियम असा की कोर्स संपल्यावर तीन महिन्यांत शंभरातल्या सत्तर बायका कामाला लागलेल्या दिसल्या पाहिजेत. दिसल्या पाहिजेत; लागल्याच पाहिजेत असं कुणी फारसं बघत नाही. पण तेव्हा मी थोडी उत्साही होते. दीक्षाला आणि आणखी तिघींना घेऊन मी गांधीबागेपासून सदरपर्यंत वाइंडिंगची दुकानं हिंडले. एक मालक म्हणाला, बायांची ओढणी मशिनीत जाईल. दुसरा म्हणाला, दुकानात बाथरूम नाही, या जातील कुठे? तिसऱ्यानं दीक्षाच्या हातची भरलेली मोटर उलटसुलट करून पाहिली, छान आहे म्हणाला, आणि विचारलं की हिचा नवरा किंवा भाऊ काय करतो. त्याला पाठवा, म्हणाला. चौथ्या दुकानापर्यंत आम्ही गेलोच नाही. पाचही जणींनी रसवंतीवर उसाचा रस घेतला आणि ऑटोनं परत आलो.

केंद्राचे संचालक सुमंत सर. अतिशय सभ्य माणूस, मला ताई म्हणतात, आवाज कधी चढवत नाहीत. त्यांनी मार्ग काढला, आणि कागदाच्या कामात मी त्यांच्याही पुढे होते. बाई स्वतःचा धंदा करते असं दाखवायचं तर नोंदणी लागते, बँकेचे उतारे लागतात, तपासणी होते. ती कुणाकडे कामाला आहे असं दाखवायचं तर नियुक्तीपत्र आणि दुकानाच्या पाटीसकट एक फोटो, एवढ्यात भागतं. मग काय, तीस बायकांसाठी आम्ही भराभर मालक तयार केले. कुणाचा दीर, कुणाचा मामेभाऊ, कुणाच्या घरमालकाचा जावई. दीक्षाला घरच्या घरी मालक मिळाला. 'धम्मानंद वाइंडिंग वर्क्स, प्रो. प्रा. धम्मानंद' अशी फ्लेक्सची पाटी मी स्वतः छापून घेतली. नियुक्तीपत्रात दीक्षाचं पद 'हेल्पर' लिहिलं, कारण कारागीर लिहिलं तर पगार जास्त दाखवावा लागतो नि मग प्रश्न निघतात.

सही करताना दीक्षा थांबली होती.

"मॅडम, माह्या नावानं नाही होत का जी?"

मी म्हणाले, "अगं, कागदापुरतं आहे. घर तुझं, हात तुझे. पाटी कुणाच्या का नावाची असेना."

हे वाक्य मला अक्षरन् अक्षर आठवतं. त्यात मला तेव्हा काही खोटं वाटलं नव्हतं. माझ्या घरचा फ्लॅट, गॅस, फोन सगळं यांच्या नावावर आहे आणि माझं त्यावाचून काही अडलं नाही, अशी माझी समजूत. दीक्षानं सही केली. फोटो काढताना धम्मानंद इतका लाजला की विचारता सोय नाही. पाटी त्यांच्याच दारावर टांगली, तिच्याखाली खुर्ची टाकून त्याला बसवलं, मांडीवर मोटर दिली, ती त्यानं उलटी धरली. सगळ्या बाया हसल्या. दीक्षाही हसली आणि पुढे होऊन तिनं मोटर सुलटी करून दिली. मग ती बाजूला पेचकस घेऊन हेल्परसारखी उभी राहिली. तो फोटो केंद्राच्या माहितीपत्रकात अजूनही छापला जातो.

फोटो झाल्यावर पाटी उतरवायची होती. कुणी उतरवली नाही. फ्लेक्स चांगला जाड होता, टिनाच्या फटीतून येणारं ऊन अडत होतं. तेवढ्यात फेब्रुवारी संपत आला, लोकांनी माळ्यावरून कूलर उतरवले, आणि पाटी वाचून पहिला माणूस मोटर घेऊन दारात आला. दारात खुर्चीवर धम्मानंद बसला होता. माणसानं त्याला विचारलं, होईल का? तो म्हणाला, होऊन जाईल, परवाले या.

मोटर भरली दीक्षानं, आतल्या खोलीत, कारण बाहेर धूळ येते आणि तारेवर दिलेल्या ओल्या वार्निशला धूळ चालत नाही. ती तिथेच बसायला लागली. बाहेर बसायचा धम्मानंद. दोन उन्हाळ्यांत तो बोलायला शिकला. मोटर कानाशी हलवून "बुश गेला असन" म्हणायचा, बोट फिरवून वास घेऊन "कंडेन्सर पाहा लागन" म्हणायचा. आत जाऊन दीक्षाला विचारायचा आणि बाहेर येऊन सांगायचा, इतक्या सहजपणे की तो विचारायला गेला होता हे कुणाच्या ध्यानातही येत नसे. त्याला मोटर भरता येत नव्हती, आणि शिकायची गरजही पडली नाही. बाकी तो बायकोला जपत होता. तार आणायला गांधीबागेत तोच जायचा, दुपारचा चहा तोच करून आत द्यायचा. वस्तीतल्या बाया दीक्षाला म्हणायच्या, तुह्या नवऱ्याच्या हाताले लई जस हाये वं. पहिल्या उन्हाळ्यात ती यावर हसायची. नंतर हसायची बंद झाली. मी वर्षातून एकदा पाहणीला जायची, धम्मानंदकडून फॉर्मवर सही घ्यायची, शेरा लिहायची: 'उद्योग उत्तम चालू. मालक कुशल.' हा शेरा पाच वर्षं मी लिहिला. दर वेळी आत डोकावून दीक्षाशी दोन शब्द बोलायची आणि तिच्या हातचं सरबत पिऊन निघायची.

पाच उन्हाळ्यांत दुकानाचं नाव झालं. उमरेडहून एसटीनं पोत्यात मोटरी यायला लागल्या. एकदा बाबाराव माझ्याबरोबर आले. त्यांनी तयार मोटर उघडून आतली दोऱ्याची बांधणी पाहिली. प्रत्येक कारागिराची गाठ वेगळी असते, आणि ही गाठ त्यांचीच होती, त्यांनीच दीक्षाला शिकवलेली.

"तू बांधलं काय गा हे?" त्यांनी धम्मानंदला विचारलं.

"दुकानात बांधलं, काका," तो म्हणाला.

ऑटोत बसल्यावर बाबाराव मला म्हणाले की मॅडम, त्या घरात एक माणूस रोज चोरीला जाऊन राह्यला. मी त्यांना म्हणाले, नवरा-बायकोच्या भानगडीत आपण पडू नये.

पुढच्या वर्षी बाबारावांच्या डोळ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं तरी बारीक तार त्यांना दिसेना. खाचेत तार बसवताना ते चाचपडायचे आणि पोरी एकमेकींकडे बघायच्या. त्यांच्या शेवटच्या दोन बॅचेस खरं तर दीक्षानं शिकवल्या. पावसाळ्यापासून माघापर्यंत मोटरींचं काम थंड असतं, तेव्हा ती दुपारी केंद्रात यायची, बाबारावांच्या शेजारी स्टूल टाकून बसायची. कुणी तिला बोलावलं नव्हतं, देत कुणी काही नव्हतं. पोरींचे डोळे मात्र तिच्याकडेच असत. अडलं की सर म्हणून हाक मारायच्या नि तोंड दीक्षाताईकडे वळवायच्या.

बाबारावांनी सोडलं त्या आठवड्यात दीक्षा माझ्यासमोर येऊन बसली. केस नीट विंचरलेले, हातात फाइल.

"दुकानात मी कोनीच नाही, मॅडम. तिथं लोकं मले पानी मांगतेत. इथं पोरी मले इचारतेत. मले ते खुर्ची पायजे."

तिनं आयुष्यात मागितलेली ही एवढीच गोष्ट माझ्या माहितीत आहे. मी तिला म्हणाले की तुझ्याशिवाय त्या खुर्चीला आहे कोण. मनापासून म्हणाले. मग सुमंत सरांनी नियम काढले. प्रशिक्षकाला कोर्सचं प्रमाणपत्र हवं, नाहीतर पाच वर्षं स्वतःचा उद्योग चालवल्याचा पुरावा हवा. प्रमाणपत्र असलं तर जोडीला कारागीर म्हणून पाच वर्षांचा अनुभव हवा, मालकाच्या सहीनं. त्यानंतर संगणकावर एक परीक्षा. दीक्षाकडे प्रमाणपत्र होतं. अनुभव कागदावर होता हेल्परचा, आणि हेल्परचा अनुभव धरत नाहीत. मालकाची सही होती नवऱ्याची, आणि घरच्या माणसाची सही चालत नाही.

सुमंत सर फाइल चाळत होते. पाटीचा फोटो, पाच वर्षांचे पाच शेरे, मालक कुशल, मालक कुशल, सगळे माझ्या अक्षरात. त्यांनी चष्मा काढला आणि अगदी आनंदानं म्हणाले, "अहो ताई, उमेदवार तर आपल्या फाइलीतच बसलाय."

मी म्हणाले, सर, त्याला काही येत नाही. ते म्हणाले, ते मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे, कागदाला ठाऊक नाही. आणि पगार त्याच घरात जाणार ना? हे तर माझंच म्हणणं होतं, पाच वर्षांपूर्वीचं.

दुसऱ्या दिवशी दीक्षा पुन्हा आली. ती रागावलेली नव्हती, निदान दाखवत नव्हती. उभ्यानंच बोलली.

"पाटी तुमी लावली, हेल्पर तुमी लिवलं. आता तुमीच लिवून द्या का काम मी करत होती."

एवढंच करायचं होतं. एक पान. पण त्या पानावर मी काय लिहिणार होते? की नियुक्तीपत्र खोटं, शेरे खोटे. एक खोटं म्हटलं की उरलेल्या एकोणतीसही फाइली उघडणार, आणि त्यांच्या आधीच्या बॅचच्या, नि त्याच्याही आधीच्या. सगळ्यांवर सही माझी. माझा करार दर वर्षी नव्यानं होतो आणि साठी पूर्ण व्हायला दोन वर्षं होती. मी घाबरले. याला दुसरं गोड नाव द्यायची माझी इच्छा नाही. मी तिला म्हणाले, "बघते."

अर्ज द्यायची शेवटची तारीख शुक्रवार होती. शुक्रवारी मी रजा टाकली. महाल भागात नणंदेच्या सुनेचं डोहाळजेवण होतं, तिथे गेले, ओटी भरली, पाटोड्यांची भाजी दोनदा वाढून घेतली. फोन पर्समध्ये होता. तो चार वेळा वाजला.

धम्मानंद अर्ज देण्याआधी मला भेटायला आला होता, हेही सांगायला हवं. खुर्चीच्या कडेवर टेकून बसला. "मले येत नाही मॅडम," म्हणाला. "तुमाले तं माईत हाये." मी त्याला नको म्हण, असं म्हणू शकले असते. तेही म्हणाले नाही. म्हणाले, सरांना विचार. सरांनी त्याला पाठीवर थाप मारून सही करायला लावली.

संगणकाची परीक्षा तो पास झाला, कारण दीक्षानं त्याच्याकडून तीन आठवडे घोकून घेतलं. हे कळलं तेव्हा मला तिचाच राग आला. मी तिला गाठून विचारलं, काहून शिकवलंस गं त्याला? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मलाच काही समजत नाही.

"तो नापास झाला असता तं लोकं काय त्याले हासले असते? मलेच हासले असते. म्हणले असते का हिच्याच घरच्या मोटरी खोट्या. अन् तुमी तं फोन नाही उचलला."

नवी बॅच सुरू झाली. पहिल्या आठवड्यात धम्मानंद सरांनी फळ्यावर छान अक्षरात व्याख्या लिहून दिल्या. दुसऱ्या आठवड्यात प्रत्यक्ष काम निघालं आणि तीन मोटरी धूर सोडून बसल्या. चौथीचा पंखा उलटा फिरला. उमरेडहून रोज एसटीनं येणाऱ्या एका मुलीला विजेचा असा झटका बसला की तिचा हात तासभर बधिर होता. ती दुसऱ्या दिवशी आली नाही. त्या दिवशी दुपारी दीक्षा केंद्रात आली आणि थेट मोटरींच्या हॉलमध्ये शिरायला लागली. शिपायानं अडवलं. हॉलमध्ये आता कॅमेरा आहे. त्यात प्रशिक्षक दिसला पाहिजे आणि बोट टेकवून हजेरी दिलेल्या बायका दिसल्या पाहिजेत. दुसरं कुणी दिसलं तर वरून विचारणा होते. मदतनिसाचं पद या योजनेत नाही.

ती माझ्याकडे आली. म्हणाली, पोरी मरतीन एखाद्या दिवशी. मग तीच म्हणाली की उमरेडची पोरगी गेली, एक नाव कमी आहे ना तुमच्या बॅचमधी?

ही योजना वेगळ्या खात्याची आहे, त्यांना जुन्या योजनेतलं दिसत नाही. मी फॉर्म भरला. नाव, वय, शिक्षण दहावी. 'यापूर्वी घेतलेले प्रशिक्षण' या रकान्यात मी 'नाही' लिहिलं. 'सध्याचा व्यवसाय' यात 'गृहिणी' लिहिलं. तिनं फॉर्म वाचला आणि सही केली. तिला हजेरीचा तिसावा नंबर मिळाला.

तेव्हापासून ती रोज येते. पहिल्या बाकावर बसते. सकाळी धम्मानंद हजेरी घेतो. तीस म्हणून पुकारलं की ती "हजर, सर" म्हणते. पहिल्या दिवशी पोरी खुदकन हसल्या होत्या, आता त्याही हसत नाहीत. सर पुस्तकातलं अर्धं पान वाचतात, मग म्हणतात, तीस नंबर, करून दाखवा. मग ती शिकवते, बसल्या जागेवरून, कॅमेऱ्यात शिकणारी दिसेल अशा बेतानं. उठून उभी राहत नाही, फळ्याकडे जात नाही. पोरी उत्तम शिकत आहेत. बॅच झाली की ती घरी जाऊन दुकानातल्या मोटरी भरते. धम्मानंदचं म्हणाल तर तो तिच्याशी पूर्वीइतकाच नीट वागतो, जरा जास्तच. नोकरी लागल्यापासून त्यानं दोन पांढरे शर्ट शिवून घेतले, आणि ते दीक्षा इस्त्री करते की तो करतो, हे मला विचारायचं धाडस झालं नाही.

गेल्या महिन्यात तपासणीला एक साहेब आले. तरुण, हुशार, खरंच बघायला आलेले. असे फार कमी येतात. त्यांनी वह्या बाजूला सारल्या आणि म्हणाले की मला कुणीतरी काम करून दाखवा. धम्मानंदनं पहिल्या बाकाकडे हात केला.

दीक्षानं सकाळी गुंडाळलेली तार खाचांत बसवायला घेतली. साहेब तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. वीस मिनिटांत तिनं कागद सारले, बांबूच्या पट्ट्या ठोकल्या, टोकं जोडली, दोरा बांधला, दिवा लावून तपासलं. मोटर फिरली, आवाज न करता. साहेब आपल्या घरच्या कूलरबद्दल काही विचारत होते आणि ती हात न थांबवता उत्तरं देत होती. हॉलमध्ये सगळे बघत होते. मला मनात आशा होती की ती आता सांगेल. खरं सांगते, मला तशी आशा होती, म्हणजे ते काम माझ्याकडून सुटलं असतं.

साहेबांनी विचारलं, "किती दिवस झाले शिकताय?"

"दोन महिने, सर," ती म्हणाली.

साहेब उठले आणि त्यांनी धम्मानंदचा हात हातात घेऊन दाबला. म्हणाले, महाराष्ट्रभर फिरतो मी, असा प्रशिक्षक पाहिला नाही. धम्मानंदनं मान खाली घातली. ते त्यांना विनयासारखं दिसलं असावं. मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात संशय नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

"मॅडम, दोन महिन्यांत एवढं येतं?"

माझ्या उजव्या हाताला सुमंत सर हसत उभे होते. धम्मानंद खाली फरशीकडे बघत होता. दीक्षा माझ्याकडे बघत होती, सरळ, आणि बाकीच्या एकोणतीसही. एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडात आलंही होतं.

"आमचे सर फार मनापासून शिकवतात," मी म्हणाले.

साहेबांनी शेरा लिहिला: प्रशिक्षक अत्यंत कुशल. खाली समन्वयकाच्या सहीची जागा होती. तिथे मी रोजच्या वळणात सही केली.